पडद्यामागचा भाता

माझ्या धाकट्या जावेला मी ऑर्गन शिकवला आणि तिनं मला ऑर्गनवरून उठवलं. भांडण एवढंच आहे. बाकी जे सांगते आहे ते मी तिच्यावर सूड कसा उगवला त्याबद्दल आहे, आणि तो उगवताना माझा चेहरा किती नम्र होता त्याबद्दल.

ती लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा तिला वरचा सा आणि खालचा सा यांतला फरक कळत नव्हता. मी तिला पुढच्या खोलीत पायपेटीसमोर बसवलं, मनगटं वर धरायला लावली, चुकली की पट्टीनं नव्हे पण जिभेनं मारलं. मारण्यात माझी जीभ पट्टीहून बरी आहे असं माझा नवरा म्हणायचा. तो गेल्यावर मी खालच्या मजल्यावर राहिले आणि ती आणि माझा दीर वर. जिन्यावर भेट झाली की ती बाजूला सरकून मला आधी जाऊ द्यायची. मला वाटायचं, धाक आहे. असाच सापळा रचतात माणसं.

आमच्या चर्चच्या मंडळीचा ऑर्गन जुना, नळ्यांचा, अख्खी भिंत व्यापणारा. त्याला हवा पुरवणारी मोटर जळाली तेव्हा मिस्त्रीनं झाकण उघडलं, आत बघून च्च केलं आणि झाकण लावलं. मग मागच्या बाजूचा जुना हातभाता पुन्हा कामाला आला. एक लांब लाकडी दांडा, वरखाली करायचा, पडद्याआड उभं राहून. गायनमंडळातले पुरुष पाळीपाळीनं ते करायचे आणि कण्हायचे असे की जणू विहीर खणताहेत. त्यात काम झालं की दांडा तसाच सोडून द्यायचे, आणि तो फळीवर धाडकन आदळायचा, तोही नेमका प्रार्थनेत. त्यासाठी भिंतीत एक लोखंडी आकडा आहे. दांडा वर उचलायचा आणि त्या आकड्यात अडकवायचा. मी बाकावरून उठता उठता ओरडायचे, "दांडा आकड्यात!" जावेला या ऑर्गनपाशी पहिल्यांदा आणलं तेव्हाही पहिला धडा सुरांचा नव्हे, आकड्याचा दिला होता.

मग एके दिवशी पाळकसाहेब घरी आले. बिस्किटं खाल्ली, खिडकीकडे पाहिलं, आणखी बिस्किटं खाल्ली. म्हणाले, "बाई, इतकी वर्षं सेवा केलीत. आता जरा विश्रांती घ्या."

"कोणी सांगितलं मला विश्रांती हवी म्हणून?"

"तसं नाही... पंचांच्या सभेत विषय निघाला. तुमच्या जाऊबाईंनीच काळजीपोटी काढला. म्हणाल्या, ताईंची बोटं थरथरतात."

बोटं नव्हे. बोट. डाव्या हाताची करंगळी, आणि तीही थंडीत. पण तिनं ते मला नाही सांगितलं, जिन्यावर रोज भेटत असून. पंचांना सांगितलं. आणि माझ्या जागी कोण बसणार तर तीच, कारण दुसऱ्या कोणाला येतच नाही. मी पाळकसाहेबांना दारापर्यंत पोचवलं, हसून. दार लावलं आणि माझं अंग असं पेटलं की पेटीचं झाकण मी तीनदा आपटलं. वर तिला ऐकू जावं म्हणून चौथ्यांदाही.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी नम्रतेवर उपदेश केला. सर्वांत शेवटची जागा घ्यावी, दुसऱ्याचं काम आपल्या अंगावर घ्यावं, प्रभूनं स्वतः सेवकाचं रूप घेतलं. बोलताना दर थोड्या वेळानं माझ्याकडे बघत होते, औषध गिळलं का ते बघतात तसे. उपासना संपायच्या आत मी उभी राहिले. सगळी मंडळी वळली. मी म्हटलं, "मला भाता द्या. यापुढे भाता मी मारीन."

बायकांनी रुमाल काढले. पाळकसाहेबांनी डोळे टिपले. जाऊ बाकावरून अर्धी उठली, म्हणाली, "ताई, नको, तुम्हाला नाही झेपायचं ते." मी म्हटलं, "प्रभूचं काम आहे गं, झेपेल." तिथं कोरडे डोळे फक्त माझे होते.

लोकांना वाटतं ऑर्गन बोटं वाजवतात. बोटं नुसती दारं उघडतात. आत हवा नसेल तर बसा दारं उघडत. आता हवा माझ्या हातात होती. लहानपणी शिकवलेलं बायबलमधलं एक वचन मला नेहमीच फार आवडायचं, वैऱ्याचं भलं करावं म्हणजे त्याच्या डोक्यावर निखारे रचले जातात, ते. भलं करण्याबद्दल बाकीचे बोलत असतात. माझा जीव निखाऱ्यांत होता.

मी घाई केली नाही. शिकून घेतलं आधी. भात्याजवळ भिंतीवर एका दोरीला शिशाचा गोळा टांगलेला आहे. भाता भरला की गोळा खाली येतो, हवा संपत आली की वर चढतो. कोणीतरी जुन्या काळी लाल पेन्सिलीनं तिथं रेघ मारून ठेवली आहे. गोळा रेघेच्या वर गेला की खेळ खलास. साध्या गीताला गोळा हळू चढतो, नळ्यांच्या रांगा उघडणाऱ्या सगळ्या खुंट्या ओढून मोठा आवाज काढला की सरसर चढतो. जावेची वाजवण्याची तऱ्हाही मी पडद्याआडून शिकले. अवघड जागा आली की ती आधी श्वास रोखते. पानाच्या शेवटी घाई करते. हे मी तिला हजारदा सांगितलं होतं.

इकडे माझी नम्रता सगळीकडे पसरली. ऑर्गन वाजवत होते तेव्हा वर्षानुवर्षं कोणी माझ्या घरी फिरकलं नव्हतं, आता भाता मारायला लागले तर माणसं कौतुक करायला येऊ लागली. एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली आणि तिला म्हणाली, "बघ, शीक काहीतरी यांच्याकडून." सुनेनं माझ्याकडे असं पाहिलं की मला कच्चं खाईल. मंडळीत अक्कल असलेली तेवढी एकच मुलगी आहे असं माझं मत झालं.

जावेनं तर कहर केला. पडद्यामागे माझ्यासाठी एक स्टूल आणून ठेवलं, त्यावर गादी, शेजारी पाण्याची बाटली. मला काय म्हातारी समजते? मी गादी उचलून कोपऱ्यात फेकली. पुढच्या रविवारी ती पुन्हा स्टुलावर होती. पुन्हा फेकली. पुन्हा होती. शेवटी मी गादी तिथंच राहू दिली आणि उभी राहिले, पाय सुजले तरी. चपला तेवढ्या काढून ठेवायचे, कारण भाता मारताना त्या घसरतात.

मग बिशप येणार असं ठरलं. चर्चमागच्या नवीन सभागृहाच्या आशीर्वादासाठी, पण उपासना चर्चमध्येच. आजूबाजूच्या सगळ्या मंडळ्या येणार. बिशपांच्या उपदेशानंतर जाऊ एकटीनं ऑर्गनवर एक मोठा तुकडा वाजवणार. कुठला, ते मला सरावाच्या दिवशी पडद्याआड कळलं. पहिले दोन सूर ऐकले आणि दांडा माझ्या हातातून निसटता निसटता राहिला. माझ्या नवऱ्याच्या अंत्यविधीला मी वाजवलेला तुकडा होता तो. मीच तिला शिकवलेला. तो वाजवताना माझी करंगळी थरथरली नव्हती, एकदाही नाही.

वाटलं होतं सरावात एखादवेळी जरा दचकवावं आणि सोडून द्यावं. ते त्या क्षणी संपलं. तुकड्याच्या शेवटच्या पानावर सगळ्या खुंट्या उघडतात. तिथं भाता थांबवला तर हवा काही श्वासांतच संपते. आवाज एकदम जात नाही. आधी वरचे सूर बेसूर होतात, मग सगळं खाली घसरत जातं आणि शेवटी मान मुरगळल्यासारखा एक आवाज येतो. तो आवाज सगळ्या पाहुण्यांना ऐकवायचा, आणि ऐकवताना बाकावर माझी जाऊ असायला हवी होती, माझ्या जागेवर, बिशपांसमोर, तोंडघशी. मग मी पडद्याबाहेर येऊन सांगणार होते, माफ करा, म्हाताऱ्या हातात गोळे आले. माझ्या नम्रतेवर तर आधीच शिक्का बसलेला.

तो दिवस आला. चर्च खच्चून भरलेलं. मी स्वच्छ साडी नेसून पडद्याआड. बिशपांचा उपदेश लांबला. विषय कोणता असावा? सेवा. मोठं व्हायचं असेल त्यानं सगळ्यांचं दास व्हावं, वगैरे. मी शिशाच्या गोळ्याकडे बघत ऐकत होते. मग जावेचा आवाज आला. ती बाकावरून उभी राहून बोलत होती, कधी न बोलणारी.

"हा तुकडा मला माझ्या ताईंनी शिकवला," ती म्हणाली. "आज त्या पडद्यामागे आहेत. मी त्यांच्या जागी बसले आहे, हे मला ठाऊक आहे. हे त्यांच्यासाठी वाजवते."

टाळ्या पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी जागा घ्यायची, आणि वर सगळ्यांदेखत मलाच हार घालायचा. मेलेल्याला घालतात तसा. मी दांडा पकडला आणि भाता तुडुंब भरला, गोळा अगदी जमिनीपर्यंत. वाजव म्हटलं. वाजव, बयो.

तिनं बरं वाजवलं. खोटं कशाला बोलू, चांगलं वाजवलं. पानाच्या शेवटी घाईही केली नाही. मी प्रामाणिकपणे हवा देत राहिले, अगदी माया लावून, कारण पडायचं तर उंचावरून पडलं पाहिजे. शेवटचं पान आलं. खुंट्या ओढल्याचा खडखडाट ऐकू आला आणि सगळी भिंत गरजायला लागली. मी दांडा वर नेला. थांबले. मागे सरले आणि पहिल्यांदाच त्या स्टुलावर, तिच्या गादीवर बसले, हात मांडीवर ठेवले आणि गोळ्याकडे बघितलं.

गोळा चढला. रेघेपाशी आला. रेघेवर गेला.

काय तो आवाज! मी कल्पना केली होती त्याहून कुरूप. वरचे सूर तिरपे झाले, मग सगळं घरंगळत खाली आलं, आणि त्या विव्हळण्यातही ती वाजवत होती, मला बोटांचे ठोके ऐकू येत होते, नुसते लाकडावर पडणारे. मग तेही थांबले. मला हसू फुटलं. इतक्या दिवसांत खरंखुरं, पोटातून आलेलं पहिलं हसू.

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर माफी मागेल, नाहीतर बाकावर गोठून बसेल. बाक सरकल्याचा आवाज आला. पावलं धावत आली. पडदा ओढला गेला.

"ताई! काय होतंय? छातीत दुखतंय का?"

तिचा चेहरा पांढराफटक पडलेला. बिशपांसमोर, एवढ्या पाहुण्यांसमोर आपलं नाक कापलं गेलंय याची तिला शुद्ध नव्हती. ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली, माझी मनगटं धरली. आणि माझ्या तोंडावरचं हसू अजून उतरायचं होतं.

तिनं हसू पाहिलं. मग तिची नजर माझ्या डोक्यावरून वर गेली आणि तिथंच थांबली. मीही वळून बघितलं.

दांडा आकड्यात होता. नीट, व्यवस्थित, अडकवलेला.

मला आठवतही नाही मी तो कधी अडकवला. आयुष्यभर दुसऱ्यांवर ओरडून स्वतःलाच लागलेली सवय, हातानं आपलं काम करून टाकलं. पण चक्कर आलेलं माणूस दांडा उचलून आकड्यात अडकवत नाही. हातात गोळे आलेलं तर नाहीच नाही. आणि ही गोष्ट जगात कोणाला कळणार असेल तर तिला, कारण तो आकडा मीच तिच्या डोक्यात ठोकलेला.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत जे आलं ते मी ओळखलं, कारण ते माझ्या घरचं होतं. शुद्ध संताप. बाहेरून बिशपांच्या आणि पाळकसाहेबांच्या चपलांचा आवाज जवळ येत होता. तिनं फक्त पडदा सरकवायचा होता आणि बोट दाखवायचं होतं. मी तिच्या जागी असते तर दाखवलं असतं, आणि चवीनं दाखवलं असतं.

ती उठली. हात वर केला. दांडा आकड्यातून काढला आणि सोडून दिला. तो धाडकन फळीवर आदळला.

"डोळे मिटा, ताई," ती दात आवळून म्हणाली. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ताई पडल्या! पाणी आणा कोणीतरी!"

आणि मी, जिनं सासूचं ऐकलं नाही, नवऱ्याचं ऐकलं नाही, मी डोळे मिटले आणि स्टुलावरून खाली घसरले.

पुढचं सगळं मिटल्या डोळ्यांनी ऐकलं. बिशप स्वतः खाली बसून मला वारा घालत होते. पाळकसाहेब माझ्या पायांपाशी रडत होते. बाटलीतलं पाणी माझ्या ओठांना लागलं, तिनंच आणून ठेवलेल्या. मग बिशप मंडळीकडे वळून बोलले. मी इतका वेळ सेवेवर बोललो, म्हणाले, आणि या पडद्यामागे एक बहीण कोसळेपर्यंत सेवा करत होती. आमेन, आमेन, असं सगळीकडून आलं. माझं डोकं भाजत होतं. निखारे कसे असतात ते मला कळलं, आणि ते रचणाऱ्या हातांनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं.

बिशप पाळकसाहेबांना म्हणाले, "यांना पुन्हा बाकावर बसवा. हा त्यांचा मान आहे."

"आणि भाता?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मी मारीन," जाऊ म्हणाली. "मला येतो. ताईंनी शिकवलाय."

दोन दिवस मी खाली पडून राहिले आणि ती वरून उतरून माझं जेवण ठेवून गेली, न बोलता. तिसऱ्या दिवशी मला ते असह्य झालं. मी जिना चढून वर गेले. ती इस्त्री करत होती, माझ्या दिराचा शर्ट. तिनं खुर्चीकडे बघितलंही नाही, मी उभीच राहिले.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"काय सांगायचं?"

"वेड पांघरू नकोस. आकडा."

तिनं कॉलर उलटी केली, इस्त्री फिरवली. "सांगणार होते. तुमच्या दंडाला धरून सगळ्यांसमोर उभं करावंसं वाटलं होतं. अजून वाटतंय."

"मग?"

"मग तुमचे पाय दिसले. सुजून टम्म झालेले." तिनं इस्त्री उभी ठेवली. "मी तुमच्या बोटांबद्दल बोलले ते खरं होतं, ताई. पण तुमच्या पाठीमागे बोलले. तुमच्या तोंडावर बोलायची माझी छाती नव्हती. ते चुकलं माझं. तुम्ही जे केलंत ते तुम्ही आणि देव बघून घ्या. मला त्यात ओढू नका."

"करंगळी," मी म्हटलं. "बोटं नाहीत. एक करंगळी."

"बरं. करंगळी."

"आणि ती थरथरली तर?"

"थरथरू दे. मी हवा देईन, वाजवायचं तुम्ही बघा."

मला माफ केलं असं ती म्हणाली असती तर मी त्या इस्त्रीनं तिला चटका दिला असता. ती तसलं काही म्हणाली नाही. तिनं शर्टाची घडी घातली आणि दुसरा शर्ट घेतला. मी खाली आले.

रविवारी मी माझ्या बाकावर बसले. हवं ते सगळं मिळालं होतं. मंडळी माझ्याकडे कौतुकानं बघत होती, पाळकसाहेबांनी माझं नाव घेऊन प्रार्थना केली, आणि माझ्या पाठीमागे, पडद्याआड, भाता तिच्या हातात होता. मला सगळं उघडं दिसत होतं. आता तिची पाळी. आज नाही तर पुढच्या रविवारी, एखाद्या लग्नात, एखाद्या मयताला, नेमक्या क्षणी ती दांडा वर नेईल आणि थांबेल. मी तेच केलं असतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी माझी पाठ ताठ व्हायची.

हवा येत राहिली. भरपूर, एकसारखी. माझी करंगळी दोनदा घसरली आणि तिथंही हवेत चढउतार आला नाही.

शेवटच्या गीताचं शेवटचं कडवं आलं तेव्हा मला राहवेना. मी सगळ्या खुंट्या ओढल्या. शेवटचा सूर लावला आणि धरून ठेवला. मंडळीचा श्वास संपला, माणसं गायची थांबली, पाळकसाहेबांनी मान वर केली, तरी मी बोटं उचलली नाहीत. थांब ना, मी मनात ओरडत होते. थांब एकदाची, म्हणजे फिटंफाट होईल, म्हणजे मी मोकळी होईन. पडद्यामागे तिला धाप लागलेली मला ऐकू येत होती. दांडा वरखाली, वरखाली, करकरत. ती थांबली नाही.

शेवटी माझेच हात दुखायला लागले. मी बोटं उचलली. आवाज गेला, आणि त्यानंतर, त्यानंतरच, मागे दांडा आकड्यात अडकवल्याचा बारीक आवाज आला.